तुळईतून निघालेला बेस

बेस गिटारच्या चार तारा सुराला आणल्या की दांडीवर ८० किलोच्या आसपास ओढ येते. एक धडधाकट माणूस दिवसरात्र तिच्या टोकाला लोंबकळत असावा, एवढी. ही ओढ सहन करून दांडीने जवळजवळ सरळ राहायचं असतं. जवळजवळ अशासाठी की पुढच्या बाजूला जराशी कमान लागतेच, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव ते अर्धा मिलिमीटर, कारण कंप पावणाऱ्या तारेला मोकळी जागा हवी असते. कमान वाढली की तारा उंच उठतात आणि बोटं भरून येतात. कमी झाली की तार फ्रेटवर खडखडते. मी घरी बेस बनवायला घेतला तेव्हा भेटेल तो विचारायचा, बॉडी कुठल्या लाकडाची करणार, रंग कुठला देणार. दांडीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. वाद्य पुरं झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: बेस म्हणजे दांडी. बाकी सगळा सरंजाम तिला धरून ठेवण्यासाठी.

माझी हयात भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली. फिटर म्हणून लागलो, फोरमन होऊन निवृत्त झालो. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. गणपती, रिसेप्शन, कॉलेजची गॅदरिंग. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे आम्हा लोकांचं दैवत. त्यांच्या ओळी टेप मागे-पुढे करून हाताखाली बसवायचो. पण परदेशी बेस आवाक्याबाहेरचा, आणि हाताशी असलेला बेस पाचव्या फ्रेटच्या पुढे सुरात राहत नसे. तारा बदला, घोडी सरकवा, फरक पडायचा नाही. टूलरूमच्या माणसाला हे सहन होणं कठीण. एके दिवशी त्याच्या फ्रेटची अंतरं व्हर्निअरने मोजली आणि दोष तिथेच सापडला. फ्रेट चुकीच्या जागी होते. तेव्हापासून डोक्यात होतं की हे काम आपण करू शकतो. मुळात हे आपलंच काम आहे, मापाचं.

इलेक्ट्रिक बेसचा इतिहासही तसा कारागिरांचाच आहे. सिअॅटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच गिटारसारखा आडवा धरायचा, फ्रेटवाला बेस केला होता, पण तो फारसा खपला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि त्यानंतर जगभर तीच रचना रुजली. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, त्यांनी वाद्याकडे यंत्र म्हणून पाहिलं: बॉडी म्हणजे एक सपाट फळी, आणि दांडी वेगळी, चार स्क्रूंनी आवळलेली. दांडी बिघडली तर काढा, दुसरी लावा. मला त्यांच्या सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो. घरी वाद्य करणाऱ्याला त्यामुळे केवढी मोकळीक मिळते! दांडी स्वतंत्रपणे करता येते, तपासता येते, आणि पसंत पडली नाही तर बाजूला ठेवता येते.

लाकूड मिळालं ते वाड्याचं. पुण्याच्या पेठांमधले वाडे उतरवले जातात तेव्हा त्यातलं सागवान वखारीत येतं. तुळया, खांब, दारांच्या चौकटी. मला एका तुळईचा तुकडा मिळाला. वरून काळवंडलेला, धुरकट, पण रंधा मारताच आतून सोनेरी आणि अजून तेलाचा वास येणारा. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, गाठ एकही नाही. पूर्वीचे लोक तुळईसाठी लाकूड निवडून घेत, त्याचा फायदा एवढ्या वर्षांनी मला झाला. क्वीन या बँडचे ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांबरोबर घरी जी गिटार केली, तिची दांडीही शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे. त्यात किड्यांनी पाडलेली भोकं त्यांनी आगपेटीच्या काड्यांनी बुजवली होती. माझ्या तुळईत किडा नव्हता, खिळे मात्र होते, हाती घडवलेले, चौकोनी. सॉ मिलवाला त्यांना घाबरून लाकूड पात्याखाली घेईना. चुंबक फिरवून एकेक खिळा शोधून काढला, तेव्हा त्याने काप दिले.

सागाला दोन खोडी असतात. त्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. आणि त्यात तेल असतं, त्यामुळे सांधा नीट धरत नाही. आमच्या आळीतले मिस्त्री म्हणाले, "दादा, सागाला चिकटवायच्या आधी ताजा रंधा मारायचा आणि थिनरने पुसायचं. शिळ्या अंगाला काही धरत नाही." तसंच केलं. वर्षरेषा उभ्या येतील असे तीन काप घेतले, मधला उलटा फिरवला, म्हणजे एकाचा कल डावीकडे असेल तर शेजारच्याचा उजवीकडे, आणि तिन्ही अॅराल्डाइटने चिकटवून क्लॅम्पात आवळले. वरची पट्टी, जिच्यावर फ्रेट बसतात, ती शिसवीची. एका मोडक्या पलंगाच्या कडेतून काढली. जगभरच्या नामांकित गिटारींवर जे इंडियन रोजवुड असतं, ते आपलं शिसवीच. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलातलं. आज त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत आणि ती योग्यच आहेत. जुन्या पलंगातून काढलेलं शिसवी वापरताना मनाला टोचणी नव्हती.

दांडीच्या पोटात लोखंड लागतं. गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात दांडीत फिरवता येणारी सळई घालायला सुरुवात केली, ती कल्पना आज सगळीकडे आहे. माझी मी केली. दोन सळया एकावर एक, दोन्ही टोकांना ठोकळे. एक सळई ठोकळ्यांत ब्रेझिंगने पक्की केलेली. दुसरीला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. ती फिरवली की ठोकळे जवळ येतात नाहीतर लांब जातात, आणि जोडी हव्या त्या बाजूला कमान घेते. डाव्या आट्यांची एम सिक्स डाय शोधायला थोडी वणवण झाली. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या साच्यांसाठी आटे पाडल्यावर हे आटे पाडताना हात किती जपून चालत होते, ते आठवलं की अजून बरं वाटतं.

मग फ्रेटच्या खाचा. तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटचं अंतर येतं, ४८.४७. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरा फ्रेट मिळतो. असं करत बाराव्या फ्रेटला बरोबर निम्मी लांबी, ४३१.८, आणि विसाव्याला ५९१.६. गणित सोपं आहे. चूक होते ती मोजण्यात. एका फ्रेटपासून पुढचा, त्यापासून त्याच्या पुढचा, असं मोजत गेलं तर प्रत्येक वेळचा दशांश मिलिमीटर साचत जातो आणि शेवटी फरक दोन मिलिमीटरवर पोचू शकतो. टूलरूममध्ये पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की सगळी मापं एकाच डेटमवरून घ्यायची. इथे डेटम म्हणजे तारगहन, जिथून तार मोकळी होते ती पट्टी. मित्राच्या वर्कशॉपमधल्या मिलिंग मशीनवर दांडी बांधली, ०.६ मिलिमीटरची स्लिटिंग सॉ लावली आणि डीआरओच्या, म्हणजे मशीनच्या डिजिटल मापदर्शकाच्या, आकड्यांवर एकेक खाच घेतली. बाराव्या फ्रेटपाशी एक मिलिमीटरची चूक म्हणजे सुरात चार सेंटचा फरक, आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर. वरच्या फ्रेटना ती चूक आणखी महागात पडते. माझ्या जुन्या बेसचं दुखणं तेच होतं.

ही खाचा पाडलेली, अजून फ्रेट न ठोकलेली दांडी घेऊन मी मिरजेला गेलो. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची तिथली परंपरा दीडशे वर्षांहून जुनी; २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका वयस्क कारागिराने दांडी हातात घेतली, एक डोळा मिटून लांबवर पाहिली, बोटाच्या पेराने ठोकून ऐकली.

"साग आहे. चांगला आहे. पण या खाचा कशाला?"

"पडदे बसवायला, चाचा."

"मग सरकणार कसे?"

"सरकत नाहीत. एकदा ठोकले की ठोकले."

त्यांनी दांडी खाली ठेवली. "मग गंधार कसा लावणार?"

प्रश्न बिनतोड होता. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे वर-खाली सरकवता येतात. फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, आणि त्या वाटणीत शुद्ध गंधार खऱ्या जागेपेक्षा सुमारे १४ सेंट चढा येतो. चाचांनी शेजारचा तंबोरा छेडला आणि म्हणाले, ऐका. जोडीच्या गुंजनातून गंधार आपोआप उमटत होता, शांत, कुठेही न टोचणारा. माझ्या खाचेतून तो कधीच निघणार नव्हता. परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होतो. बेसचं काम बहुतेक वेळ षड्ज-पंचमाचं, आणि पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंट, तो कानाला कळतही नाही. गंधारावर मात्र त्या दिवसापासून मी रेंगाळत नाही. ओळीत गंधार आला की त्याला टेकून पुढे जातो. वर्षानुवर्षं वाजवून जे लक्षात आलं नव्हतं, ते एका सतार करणाऱ्याच्या प्रश्नाने लक्षात आणून दिलं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "पडदे ठोकायची घाई करू नका, साहेब. तिला पाऊस दाखवा."

दांडी घराच्या भिंतीवर टांगली. पुण्यात मे महिन्यात हवा कोरडी ठक्क, आणि ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. सागवान ढिम्म होतं, पण वरची शिसवी ओलावा घेऊन फुगली आणि दांडी किंचित मागे कलली. सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेजने पाहिलं तर तीन दशांश मिलिमीटर. दिवाळीनंतर बरीचशी आपोआप परतली. जी थोडी राहिली ती मी शिसवीवर रंधा आणि पॉलिश पेपर चालवून काढली. फ्रेट आधीच ठोकले असते तर ही दुरुस्ती लाकडातून नव्हे, फ्रेटच्या धातूतून करावी लागली असती, आणि तेवढं त्यांचं आयुष्य कमी झालं असतं.

फ्रेट ठोकल्यावरचं काम मला सगळ्यांत प्रिय. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसवायचे असले की एकाला निळा रंग चोळतात, दुसऱ्यावर घासतात, आणि जिथे निळं लागतं तिथे उंचवटा असं समजून स्क्रेपरने खरवडतात. फ्रेटना तेच केलं. प्रत्येकाच्या माथ्यावर मार्करची शाई, वरून जमिनीसारखी सपाट कानस एकदाच हलक्या हाताने. जिथली शाई गेली तो फ्रेट उंच, जिथली राहिली तो खोल. सातवा उंच निघाला, चौदाव्याची एक कड वर आलेली. पुन्हा शाई, पुन्हा कानस, विसाच्या विसांवरून शाई एकदम जाईपर्यंत. मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करायचा, कारण तार गोल माथ्यावर एकाच रेषेत टेकली पाहिजे. या कामाला कुणी पाहायला येत नाही आणि वाद्य हातात घेणाऱ्याला ते दिसतही नाही. पण पहिल्यापासून विसाव्या फ्रेटपर्यंत कुठेही खडखड न होता सूर निघतो तो याच्यामुळे.

दांडीच्या पाठीचा गोलावा मात्र मापाने होत नाही. तारगहनापाशी रुंदी ४१ मिलिमीटर, जाडी २१, इतकं ठरवता येतं; पुढचं तळहात ठरवतो. डोळे मिटून हात वर-खाली फिरवायचा, जिथे अडकतो तिथे कानस.

बॉडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याच तुळईचे उरलेले तुकडे जोडून केली, वर जवसाच्या तेलाचे हात दिले. एक गोष्ट फक्त पाळली: वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत लांब ठेवलं, कारण पट्टा तिथे अडकवला तरच लांब दांडी उभ्या माणसाच्या हातात खाली झुकत नाही. घोडी पितळेची, मीच घडवली. खुंट्या आणि तारा विकतच्या. खुंटीतला वर्म गिअर घरी पाडण्यात शहाणपण नाही.

पिकअप मात्र घरचा. तत्त्व फॅरडे यांचं, १८३१ पासूनचं: चुंबकाजवळ लोखंडी तार हलली की भोवतीच्या कॉइलमध्ये वीज उमटते. तांब्याची इनॅमल वायर ४६ गेजची, जाडी ०.०६ मिलिमीटर, बोटाला जाणवते न जाणवते. पंखे रिवाइंड करणाऱ्या एका दुकानातून हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन मागून आणलं, काउंटर असलेलं. दुकानदार वायर पाहून म्हणाला, "काका, ही तर नुसत्या श्वासाने तुटेल." तुटली की ती कॉइल टाकून द्यायची, सांध्याची कॉइल भरवशाची नसते. प्रत्येक कॉइलला दहा हजारांच्या आसपास वेढे. बोटांच्या चिमटीतून वायर सोडताना ताण एकसारखा ठेवायचा, मन दुसरीकडे गेलं की वायर गेली.

कॉइल दोन केल्या, एक ई आणि ए तारांखाली, दुसरी डी आणि जी खाली. वेढे उलट दिशेचे आणि चुंबकांची टोकंही उलटी. फेंडरने १९५७ मध्ये आणलेली ही मांडणी. तारेचा आवाज दोन्हींतून शाबूत येतो आणि घरच्या विजेची घरघर एकमेकींना मारते. बेससाठी हे फार मोलाचं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघर अगदी आपल्या गाण्याच्या जागीच बसलेली असते; ती गाळायला जावं तर सूरही गाळला जातो. शेवटी कॉइल वितळलेल्या मेणात बुडवल्या, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, थेट आचेवर नाही. बारीक बुडबुडे येत राहतात तोवर आत हवा आहे असं समजायचं. वेढे आतून हलते राहिले तर मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो.

तारा चढवल्या, सुराला लावल्या, सगळं ठीक निघालं, एक जागा सोडून. जी तारेवर सहाव्या फ्रेटपाशी सूर लागायचा आणि लगेच विरायचा. शेजारचे सूर भरघोस, हाच मुका. हे दुखणं नामांकित बेसनाही असतं. दांडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा सूर तिच्याशी जुळला की दांडी तारेतली ऊर्जा ओढून घेते. खात्री करायला मी दांडीच्या डोक्याला एक छोटा सी-क्लॅम्प आवळला आणि तोच सूर पुन्हा छेडला. सूर टिकला! मुकी जागा खाली सरकली होती, तिथे तार फारशी वाजत नाही. मग क्लॅम्प काढून डोक्यामागे पितळेची एक पट्टी कायमची बसवली. पुढे मिस्त्रींच्या आग्रहाखातर बॉडीलाही असाच क्लॅम्प लावून पाहिला. कानाला काही फरक कळला नाही. ठोस बॉडीच्या लाकडावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या वाद्याने तरी कौल दांडीच्या बाजूने दिला आहे.

तेव्हा बेस करण्याची कुणाला इच्छा असेल तर बॉडीचं चित्र तूर्त कागदावरच राहू द्या. आधी दांडी करा. उन्हाळ्यात चिकटवा, खाचा पाडा, फ्रेट न ठोकता भिंतीवर टांगा आणि दिवाळीनंतर तिला सरळ पट्टी लावून बघा. पैसे असतील ते खुंट्यांवर आणि तारांवर घाला, लाकडावर नको. आणि तुमच्या पेठेत किंवा गावाकडे एखादा जुना वाडा उतरवला जात असेल, तर माल वखारीत जाण्याआधी मालकांना भेटा आणि सरळ रेषेची, बिनगाठीची, साडेतीन फुटांची एक सागवानी पट्टी मागून घ्या. मिळते.